लिहू नको म्हणाला होतास

सांगली,
१० जुलै २०२५

ती. दादास,

अंजीचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तूही बरा असावास.

पत्र बघून दचकला असशील. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांना वर्षभर एकच टिक दिसते. त्याचा अर्थ न कळण्याइतकी मी खुळी नाही. पण पत्र काही ब्लॉक करता येत नाही, दादा. आणि तू हातात आलेला कागद न वाचता टाकणारा माणूस नव्हेस. भजी संपली तरी पुडक्याचा कागद उलगडून वाचत बसायचास. बेळगावचा पत्ता वहिनीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला लय पिडलं तेव्हा कुठं तिनं दिला.

वरदचं कॉलेजातलं शिकवणं सुरू झालंय. सासूबाईंचा गुडघा पुन्हा दुखतोय, पण भजनी मंडळ काही चुकवत नाहीत. कृष्णेचं पाणी चढतंय. दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्या सांगलीच्या तोंडी एकच, आयर्विन पुलापाशी किती फूट? अजून काळजीचं काही नाही.

गेल्या रविवारी आईकडे जाऊन आले. वडूजपर्यंत एसटी आणि पुढं वडापची खच्चून भरलेली जीप, तुझ्यासारखा मोटारसायकलवाला आता नाही ना. घेवड्याची पेरणी झालीय, पाऊस बेताचाच. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं दोगांचं भांडान तरी काय हाय, कुनी सांगंल का मला?" म्हटलं, भांडण काही नाही आई. "मग दोगं जन दोन दिशेला तोंडं करून का बसलाय?" मी विषय घेवड्यावर नेला. तिला काही कळलं नाही असं मला वाटलं, पण निघताना तिनं दोन डबे भरले, एक माझा आणि एक "बेळगावाला कोन जात असंल तर".

तिकडं जेवणाचं कसं करतोस? वहिनी म्हणाली खानावळीत जातोस. भात जास्त देत असतील. नवीन कारखाना कसा आहे? भट्टी मोठी आहे का आपल्यापेक्षा? बघ, अजून "आपल्या" लिहून जातं. साताऱ्याच्या एमआयडीसीतली लोखंड ओतायची ती फाउंड्री एकोणीस वर्षं आपल्या घरातली असल्यासारखीच होती. तू घरी आलास की कपड्यांना जळक्या वाळूचा वास यायचा आणि आई म्हणायची, आला बघा लोखंड्या.

तर पंचमी एकोणतीसला आहे.

हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं आणि सांगेपर्यंत पान भरलं. माझ्या सासूबाई सांगलीच्या गावभागातल्या, त्यांना मुराळी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात, हे त्यांना तुझ्यामुळं कळलं. आठवतं? लग्नाला तीन महिने झालेले. वरद आपल्या जातीचा नाही म्हणून बाप असून अण्णा माझं नावसुद्धा घेत नव्हते. आणि तू भर पावसात, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ करून फाटकात उभा. सासूबाईंनी आतून हाक मारली, "अगं बघ गं, गॅसवाला आलाय." तू म्हणालास, "आवं न्हाई, मी मुराळी. अंजीला न्यायला आलोय." मी म्हटलं, दादा, अण्णांना काय सांगणार? तू म्हणालास, "त्येंचं मी बगतो. तू मागं बस."

तेव्हापासून तेरा वर्षं एकदाही चुकला नाहीस. गेल्या साली आला नाहीस. आकड्यात मांडलं तर चौदापैकी तेरा, म्हणजे जवळजवळ त्र्याण्णव टक्के. असा कागद कुणापुढं ठेवला तर तो म्हणेल, झकास चाललंय की भावाबहिणीचं! गेल्या पंचमीला मी पिशवी भरून चार वाजेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसले होते. वरद म्हणाला मी सोडतो तुला, तर त्याच्यावरच खेकसले. भाऊबीजेला वहिनीबरोबर साडी पाठवलीस. ती अजून घडी मोडून नेसलेली नाही.

कंपनीतल्या प्रकाराबद्दल एवढंच म्हणते की त्या रिपोर्टात कुणाचंच नाव नव्हतं. अठरा जणांचे फॉर्म होते, आठ जणांशी बोलणं झालं होतं. कुणी काय अंदाज बांधला, त्या अंदाजाला मी काय करणार? तू शांतपणे विचार कर.

पंचमीला ये दादा. मी वाट बघते.

तुझी,
अंजी


सांगली,
२० जुलै २०२५

दादा,

पत्र पोचलं म्हणे. वहिनीला फोन केला तर म्हणाली, "मिळालं म्हनले. फुडं काय बोलले न्हाईत." वाचलं का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही आणि मला तर नाहीच.

ते पत्र टाकून आल्यापासून मला त्यातलं एक वाक्य छळतंय. "अंदाजाला मी काय करणार." शी! असं वाक्य माझ्यासमोर बसलेला एखादा साहेब बोलला असता, तर मी त्याला तिथंच थांबवून विचारलं असतं, म्हणजे नक्की काय म्हणायचंय तुम्हाला? मोठ्या मोठ्या माणसांना स्वतःकडं बघायला शिकवते मी. त्याचंच खाते. तेव्हा आता नीट लिहिते. तुला यातलं बरंच ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं काय काय झालं ते तू कधी ऐकलेलं नाहीस.

गेल्या वर्षी जानेवारीत तुझ्या मालकांनी, लालासाहेबांनी, मला बोलावलं. कारखाना त्यांनी उभा केला, आता गादी मुलाकडे द्यायची होती, आणि वीरधवलनं आधी माणसं सांभाळायला शिकावं म्हणून त्यांना एक्झिक्युटिव्ह कोच हवा होता. तुला फोन केला तर तू खो खो हसलास. "म्हंजे शिकवणी? एवडा परदेशातनं शिकून आलाय आन त्येला शिकवणी लागली व्हय?" मग तू म्हणालास, "पर अंजे, मी तुजा भाऊ हाय हे सांगून टाक पयलं." मी म्हटलं, नको. आडनाव आता वेगळं आहे, कुणाला कळत नाही. सांगितलं तर काम जाईल, माझं पहिलं मोठं काम आहे. तू म्हणालास, "बरं. तू म्हनशील तसं." पहिली चूक ही.

या कामात दोन तऱ्हेची माहिती गोळा करायची असते. एक आकड्यांची. वीरधवलबरोबर काम करणाऱ्या अठरा जणांनी फॉर्म भरला, चोवीस प्रश्न, एक ते पाच गुण. ऐकून घेतात का, चूक कबूल करतात का, असले प्रश्न. सगळ्यांनी चार आणि पाच दिलेले. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी आपल्याला पांढरे गणवेश घालून बसवायचे ना, तसा तो सगळा कागद चकाचक. पण मी दुसरा एक आकडा मागितला होता. दोन वर्षांत अकरा सुपरवायझर सोडून गेलेले. साहेब ऐकून घेतात, त्याला पाचपैकी साडेचार, आणि माणसं मात्र पळतायत. आकडे एकमेकांशी भांडायला लागले की माणसांशी बोलावं लागतं. ती दुसरी माहिती, शब्दांची.

तुला मी हे आयर्विन पुलाचा दाखला देऊन समजावलं होतं. पुलापाशी पाणी किती फूट, हे अख्ख्या गावाला कळतं. पण कुणाच्या चुलीपर्यंत पाणी आलंय हे त्या घरच्या बाईलाच विचारावं लागतं. तू म्हणालास, "मग इचार की बायांना. फारम कशाला वाटतीस?"

विचारलं. आठ जणांना कंपनीच्या त्या काचेच्या खोलीत बसवून एकेक तास विचारलं. "साहेब लय चांगलं हायेत मॅडम." "काय बी त्रास न्हाई मॅडम." "चा घ्या मॅडम." आठवा नंबर तुझा. तू टोपी काढून समोर बसलास आणि मला "आवं मॅडम" म्हणालास. मला हसू येत होतं. मी विचारत राहिले आणि माझा सख्खा भाऊ मला "ठीक हाय, समदं ठीक हाय" सांगत राहिला.

आणि मग एप्रिलमधला तो रविवार. आपण मळ्यात लिंबाखाली कांदा काटत बसलो होतो. आई घराकडं गेली होती. तुझ्या भट्टीवरचा आकाराम भाजला त्याची गोष्ट तू आपणहून काढलीस. वाळू ओली होती, तू वीरधवलना म्हणालास, साहेब, आज ओतायला नको, रस उडंल. त्यांना त्याच दिवशी माल पाठवायचा होता. ओता म्हणाले. रस उडाला, आकारामचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. हे सगळं तू कांद्याच्या पाती कापत कापत, वर न बघता सांगितलंस. मग विळा खाली ठेवलास.

"आमच्याशी बोलताना साहेब सारखं घड्याळाकडं बगत्यात. आता सवय झाली. पर आकाराम वरडत पडला हुता, आन तवा बी त्येंनी घड्याळच बगितलं गं."

तू पुन्हा विळा उचललास आणि म्हणालास, "हे लिवू नको बरं का. तुला म्हनून सांगितलं."

मी हो म्हटलं होतं, दादा. मान हलवली होती.

सांगलीला आले, रिपोर्ट लिहायला बसले. आकड्यांची बत्तीस पानं तयार होती, रंगीत आलेख, सगळं गुळगुळीत. आणि त्या सगळ्या कागदात जीव असलेलं एकही वाक्य नव्हतं. तुझं सोडून. मी आकारामचं नाव काढलं, भट्टी काढली, ओली वाळू काढली. उरलं ते एवढंच, "अपघाताच्या दिवशीही साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं." तुझी बोली काढून शहरी केलं. मला वाटलं, आता हे कुणाचंही असू शकतं, त्या वेळी तिथं चाळीस माणसं असतील. एकदा तुला विचारलं असतं की तिथं आणखी कोण होतं, तर तू सांगितलं असतंस की बाकीचे सगळे आकारामला उचलायला धावले होते आणि साहेबांसमोर तू एकटा उभा होतास. विचारलं नाही. विचारणं हा माझा धंदा आणि तेवढं एक विचारलं नाही.

असा रिपोर्ट ज्याचा त्यालाच दाखवायचा असतो. दार लावून, दोघांनीच बसून. पण मी गेले तर लालासाहेब तिथं खुर्चीत बसलेले. पांढरं धोतर, हातात काठी. "बाई, आमच्या फुडं वाचा," म्हणाले. अण्णांच्या वयाचा माणूस, त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच खुर्चीत. त्यांना मी बाहेर बसा म्हणू? पुस्तकात लिहिलेलं असतं की म्हणायचं. ज्यानं ते लिहिलं त्यानं लालासाहेब बघितलेले नाहीत. मी वाचलं.

त्या वाक्यापाशी वीरधवल थांबले. पुन्हा वाचायला सांगितलं. मग अगदी हळू म्हणाले, "ॲम्ब्युलन्सला फोन करून अकरा मिनिटं झाली होती मॅडम. मी तेवढंच बघत होतो." त्यांचा चेहरा पडला होता. वाळू ओली असताना ओतायला लावलं ही चूक आपलीच, हेही त्यांनी वडिलांसमोर कबूल केलं. ते ऐकताना मला कळलं की तुझे शब्दही अर्धेच होते, जसे ते आकडे अर्धे होते. उरलेलं अर्धं त्यांच्याकडं होतं आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. हे तुला कधी कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहितेय. त्यांची बाजू घेत नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि तुझं नाव घेऊन विचारलं, "हे कृष्णात बोलला ना?"

अशा वेळी काय बोलायचं ते मी इतरांना शिकवते. कोण बोललं ते मी सांगणार नाही, आणि कोण बोललं नाही तेही सांगणार नाही. एवढंच. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. तिथं माझं तोंड उघडलं नाही. मी घाबरले होते असं मी वर्षभर वरदला सांगत आलेय, स्वतःलाही सांगत आलेय. खरं सांगू? मला अभिमान वाटला होता. एवढा मोठा माणूस एका वाक्यानं हलला आणि ते वाक्य माझ्या भावाचं होतं. ओठांवर आलं होतं, हो, माझा दादा. ते गिळलं, पण बहुतेक चेहऱ्यावर दिसलं असावं. लालासाहेब माझ्याकडेच बघत होते.

तिसऱ्या दिवशी तुला मलकापूरच्या गोडाऊनवर टाकलं. भट्टीवरच्या माणसाला खोकी मोजायला. आठवड्यानं तू राजीनामा दिलास.

माझ्यामुळं झालं, दादा. अंदाजामुळं नाही.

आकड्यांचं म्हणशील तर वीरधवलबद्दल सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म भरून घेतले, त्यांचे गुण वाढले. लालासाहेबांच्या ओळखीनं मला आणखी दोन कारखान्यांची कामं आली. माझं काम यशस्वी झालं म्हणे. आणि मला साधी पिठाची गिरणी बंद असली तरी तुझी आठवण येते, कारण तू असतास तर म्हणाला असतास, "आण हिकडं, मी बगतो." लय आठवण येते रे. गाडी चालवताना येते, भाजीत मीठ टाकताना येते, कुणी "आवं मॅडम" म्हटलं की तर विचारूच नको.

उत्तर दे असं म्हणत नाही. वाच मात्र.

तुझी,
अंजी


सांगली,
२८ जुलै २०२५, श्रावणी चतुर्थी

दादा,

आज भावाचा उपवास, तुझ्यासाठी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाऊ वर्षभर बोलत नाही आणि तू त्याच्यासाठी उपाशी?" म्हटलं, तो बोलावा म्हणून थोडाच धरलाय! तो आहे म्हणून धरलाय. मग त्यांनीच दुपारी वरीचा भात केला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मागचं पत्र टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, मी साताऱ्याला गेले. वेळ मागितली नाही, सरळ गेले. लालासाहेब आणि वीरधवल दोघेही होते. बसासुद्धा म्हणायच्या आत मी सांगून टाकलं. कृष्णात माझा सख्खा भाऊ, हे मी तुमच्यापासून लपवलं. तो ते वाक्य तुमच्या काचेच्या खोलीत बोललाच नव्हता. घरी, बहिणीशी बोलला होता, आणि लिहू नको म्हणाला होता. मी लिहिलं.

लालासाहेबांनी काठी टेबलाला टेकवली. मला वाटलं आता ओरडतील. तर म्हणाले, "आवं बाई, पर त्यो तर मला येगळंच बोलला."

म्हटलं, काय बोलला?

दादा, त्यांनी सांगितलं तसंच लिहिते. रिपोर्टनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी तुला बोलावलं. म्हणाले, "भायेरच्या बाईम्होरं घरचं बोललास?" तू म्हणालास, "व्हय, बोललो." त्यांना तरीही शंका होती, कारण तुझा स्वभाव त्यांना एकोणीस वर्षं ठाऊक. त्यांनी विचारलं, "तिनं तुज्याकडनं काढून घेतलं का? तसं असंल तर सांग. तिचं काम आत्ता बंद करतो, तू भट्टीवर जा." आणि तू म्हणालास, "न्हाई मालक. बाईंनी काय केलं न्हाई. मीच म्हनलो, लिवा."

मीच म्हनलो, लिवा.

मला तिथं रडू फुटलं. दोन मोठ्या माणसांपुढं, पदर नाही काही नाही, ओढणीनं तोंड पुसत रडले. वीरधवलनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तोही सांडला.

तू नुसतं एवढं म्हणाला असतास, ती माझी बहीण आहे मालक, घरात बोललो होतो, तर तुझी जागा राहिली असती. माझं काम गेलं असतं. बस, एवढंच झालं असतं! तू ते उलटं केलंस आणि माझ्याजवळ एक अक्षर बोलला नाहीस. मी बयेनं वर्षभर काय समजावं? दादा रुसलाय. दादा माफ करत नाही. रुसलास तर आहेसच, ते मला ठाऊक आहे, आणि रुसायलाच हवं. मी तुला शब्द दिला होता. पण फोन का उचलला नाहीस ते आता कळतंय. उचलला असतास तर एक तर माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं नाहीतर हे सांगावं लागलं असतं, आणि तुला दोन्ही जमत नाही.

लालासाहेबांनी माझं काम बंद केलं. "तुमी आता हितं येऊ नगा," म्हणाले, पण रागानं नाही. बाकीच्या दोन कारखान्यांनाही मी स्वतः कळवलं. एकानं लगेच बंद केलं, दुसरा विचार करतोय. ज्या संस्थेनं मला कोचिंगचं प्रमाणपत्र दिलं तिलाही लिहिलंय, ती काय करायचं ते करेल. वाईट वाटतंय. वाटत नाही असं म्हटलं तर तुला पटणार नाही. दहा वर्षं झिजले होते या कामासाठी. वरद म्हणाला, "बरं झालं गं, आता तू घरात जेवताना तरी कुणाचा रिपोर्ट करणार नाहीस." त्याला लाटणं फेकून मारणार होते.

वीरधवल गाडीपर्यंत आले. विचारत होते, कृष्णातला परत बोलावलं तर येईल का? तुम्ही सांगाल का त्याला? मी म्हटलं, मला विचारू नका. त्याच्या वतीनं मी आता काही बोलणार नाही. तुम्हीच त्याला भेटा आणि त्यालाच विचारा. घड्याळाचं काय ते तुमच्या तोंडानं सांगा. ते बहुधा येतील. तू त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मला कळवलं नाहीस तरी चालेल.

काल आईकडे जाऊन तिला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मला म्हणाली, "मंग तू हितं काय करतीस?" म्हटलं, तो पंचमीला येतो का ते बघतेय. तर टोपली बाजूला सारून म्हणाली, "त्येनं अजून किती यावं गं? जा की तू!"

उद्या सकाळी मिरजेहून गाडी आहे. हे पत्र पोस्टात टाकत नाही, बरोबर घेऊन येते. तू दार उघडलंस तर हातात देईन. नाही उघडलंस तर दाराखालून सरकवीन.


बेळगाव,
२९ जुलै, पंचमी, दुपारचे दोन

पुढचं इथं बसून लिहितेय. तुझी खोली सापडली. कुलूप आहे. शेजारच्या आजी बाहेर आल्या, म्हणाल्या, "कृष्णा कामावर गेलाय की वो, चारला सुटतोय बघा. आत येऊन बसा की, उन्हात कशाला?" म्हटलं, इथंच बरं आहे. त्यांनी विचारलं, "कोण तुम्ही त्याच्या?" म्हटलं, बहीण. तर म्हणाल्या, "अगं बाई, अंजी व्हय तुम्ही?" म्हणजे तू इथं माझं नाव घेतोस. माझा फोन घेत नाहीस, पण शेजारच्या आजींपाशी नाव घेतोस. मला पुन्हा रडू आलं आणि त्या बिचाऱ्या घाबरून ताक आणायला आत गेल्या.

तुझ्या दोन विजारी दोरीवर वाळतायत. एकीला गुडघ्यावर ठिगळ आहे, तू स्वतःच घातलेलं असणार, टाके एवढे मोठे मोठे आहेत.

दादा, मी गाडीत मनाशी पुष्कळ वाक्यं तयार केली होती. काय विचारायचं, कुठून सुरू करायचं, तू गप्प बसलास तर पुढचा प्रश्न कोणता. सवय वाईट. ती सगळी इथं येईपर्यंत टाकून दिली. मला तुझ्याकडून माफी नको, कबुली नको, परत चल असंही मी म्हणणार नाही. तू दिसावास एवढंच हवंय. वर्ष झालं रे, दिसला नाहीस.

चार वाजता तू येशील. मला बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल, ती मला चालेल. शिव्या दिल्यास तर ऐकेन. काही न बोलता आत जाऊन भांडी घासत बसलास तर मी ती विसळायला घेईन. आणि बोललास, काहीही बोललास, तर दादा, ते माझ्यापाशीच राहील. या खेपेला मी लिहून घेणार नाही.

तुझ्या दाराबाहेर बसलेली,
अंजी